आतनं बघणाऱ्या मावशी

कुठलीही वस्तू हातात आली की मावशी आधी ती उलटी करायच्या. साडीचा पदर, नवी पिशवी, ऑफिसातल्या खुर्चीची गादी, काहीही. "वरनं काय बगताय मॅडम? आतनं बगा की," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आमच्या कॉलेजात त्या शिपाई होत्या आणि मी क्लार्क. अशी एखादी मावशी तुमच्याही ऑफिसात असेल. चहा ठेवून ती निघून जाते आणि आपण मान वर करत नाही.

त्या सांगोल्याकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. लग्न होईपर्यंत वडिलांबरोबर कळपामागं हिंडलेल्या. नवरा आमच्याच कॉलेजात होता. तो गेल्यावर त्याच्या जागी त्या लागल्या. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण दोरीची गाठ पाहून नेमकी फाईल काढून द्यायच्या.

माझी मुलगी नर्सिंगच्या नोकरीसाठी कॅनडाला निघाली, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या मैत्रिणीनं तिला बजावलं होतं, मेंढीच्या कातड्याचे, आत लोकर असलेले बूट घे, तेही नामांकित कंपनीचे. आता सोलापुरात, जिथं मार्च लागला की पायातली चप्पल तापते, तिथं असले बूट कोण विकणार? पण परदेशी जाणाऱ्या मुलांसाठी जाकिटं आणि बॅगा विकणारं एक दुकान नव्या पेठेत निघालं होतं. तिथं ते निम्म्या किमतीत मिळत होते. शनिवारी ऑफिस सुटल्यावर मी निघाले, तर मावशी म्हणाल्या, "मेंढराच्या कातड्याचं बूट? मला बी दावा की."

दुकानदार तिशीतला, गोड बोलणारा. त्यानं खोका उघडला. आत पांढरीशुभ्र लोकर, टाचेवर कंपनीचं नाव. खोटा माल कसा ओळखायचा ते मी मोबाईलवर वाचून आले होते. नावाचं स्पेलिंग, शिक्का, खोक्यावरचा नंबर, सगळं तंतोतंत होतं. मी पर्स उघडणार, तोवर मावशींनी बुटात हात घातला होता.

"मॅडम, ह्ये मेंढरू न्हाय."

दुकानदार हसला. "मावशी, हे ऑस्ट्रेलियाचं मेंढरू आहे. आपल्याकडचं नव्हे."

"आसंल की. पन त्याला कातडं तर आसंल का न्हाय?"

डोक्यात भांग पाडावा तशी त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी ती लोकर दुभागली. खाली कापडाची वीण दिसत होती. "खरी लोकर कातड्यातनं उगवती. ही कापडावर डकवलीया." मग तळव्यानं दाबून पाहिली, तर ती चपटी झाली ती चपटीच राहिली. "एक केस जाळू का, बाबा?"

त्यानं अगरबत्तीजवळची काडेपेटी दिली. तो धागा वितळून काळा कडक मणी झाला आणि प्लॅस्टिकचा वास सुटला. मावशींनी लगेच आपल्या डोक्यावरचा एक पांढरा केस उपटून जाळला. "लोकरीचा वास ह्यो आसा येतो. आन् बोटात चुरा हुतो."

आता भांडण होणार म्हणून मी त्यांचा पदर ओढला. पण दुकानदार स्टुलावर बसलाच. "मला खरे म्हणूनच दिलेत हो हे," तो म्हणाला. घरच्यांचं न ऐकता नोकरी सोडून त्यानं दुकान काढलं होतं. आता घरी काय सांगू, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

मावशींनी फरशीवर बैठक मारली. "रडतुस कशाला? समदे खोके काढ."

दोन तास त्या एकेका बुटात हात घालत होत्या, डोळे मिटून. नकली जोड डावीकडं सरकत गेले. खरे निघाले फक्त दोन, त्यातला एक त्यानं खराब म्हणून मागं टाकलेला. लोकर पिवळट, कमीजास्त दाट, किंचित वास येणारी.

"याला डाग आहेत, मावशी."

"डाग न्हाईत रं, रंगच त्यो. मेंढरू काय धुण्याच्या पावडरीत बुडवून काडल्यालं आसतंय व्हय?"

तोच जोड मी घेतला. मुलीला एक नंबर मोठा होता. "जाड मोजं घाल म्हनावं," मावशींनी निकाल दिला.

त्या दुकानदारानं टाचेवरची नावं काढली आणि 'नकली लोकर' असं मोठ्या अक्षरात लिहून तो माल विकला. दुकान टिकलं. पुढं नवा माल आला की ऑफिसात त्याचा फोन यायचा, "मावशी आहेत का?" त्या जायच्या, चहा प्यायच्या आणि चार बोल सुनावून यायच्या.

बर्फात बूट घालून उभ्या मुलीचा फोटो मी त्यांना दाखवला. त्यांनी बुटांकडं पाहिलंसुद्धा नाही. "पोरीचं नाक बगा किती लाल झालंया. कान झाकाय सांगा."

यंदा मुलगी सुट्टीवर आली. मावशींसाठी तिनं गरम हातमोजे आणले होते. निवृत्त झाल्यावर त्या गावी भावाकडं गेल्या होत्या. तिथं फोन केला तर त्यांचा भाऊ म्हणाला, "आक्का गेली की. दिवाळीच्या आदी." मुलगी हातमोजे मांडीवर घेऊन बसून राहिली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निवृत्तीच्या दिवशी. स्कूटीवरून त्यांना मंगळवेढा रोडला एसटीपर्यंत सोडत होते. वाटेत मेंढरांचा कळप आडवा आला. मी गाडी थांबवली, तशा मावशी उतरल्या आणि थेट कळपात शिरल्या. एका मेंढीच्या पाठीवर हात ठेवून राखणाऱ्या बाईशी बोलत बोलत त्या चालू लागल्या. त्यांची पिशवी माझ्या हँडललाच होती; ती मी मागून एसटीनं गावी पाठवली. हाक मारावी असं दोनदा वाटलं, पण मारली नाही. वळणापर्यंत त्यांची पिवळी साडी दिसत होती, मग नुसती धूळ.