दोर धरणारा माणूस

दोर हातात असला की आमचे हे तोंड उघडायचे नाहीत. अठरा वर्षं बघितलं मी. माझा दादा फांद्या तोडायला झाडावर आणि हे खाली. दादाच्या कमरपट्ट्याला बांधलेला दोर वरच्या बेचक्यातून खाली यायचा, बुंध्याला दोन वेढे घ्यायचा आणि ह्यांच्या मुठीत संपायचा. वर दादाने पाय सरकवला की हे वीतभर ढील द्यायचे, तो थांबला की हेही थांबायचे. एकदा एक मुंगळा ह्यांच्या मानेला डसला, तरी हात जागचा हलला नाही. मी तो झटकला, तर माझ्यावरच डोळे वटारले, मध्ये कशाला आलीस म्हणून. घरी मात्र बोलतात, नको तितकं बोलतात. चहा जरा पाणचट झाला तर दिवसभर ऐकवतील.

मी पडलेल्या फांद्या ओढायची, मोळ्या बांधायची आणि टेम्पोत भरायची. असं आम्हा तिघांचं चालायचं. नाव दादाचं व्हायचं, कारण लोक वर बघतात. दोर धरणाऱ्याकडे कोण बघतंय?

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या मनाने घेतलं की आता आपलं स्वतःचं काम सुरू करायचं. वय पंचेचाळीस, पण अंगात खोडकर पोरासारखी चढायची हौस. रविवारी दादा नसला की गुपचूप झाडावर चढून सराव करायचे आणि खाली दोर माझ्या हातात. माझे तळवे सोलून निघायचे, पण मीही हट्टी. डब्यात साठवलेलं सगळं काढलं आणि ठरवलं, लाकूड कापायचं मशीन, चेनसॉ, घ्यायचं. डबा एकदाच रिकामा होणार होता, म्हणजे मशीनही एकदाच निवडता येणार होतं.

आता आमचं अज्ञान सांगते, हसू नका. आम्ही झाडावर कायम हातकरवतच नेली. पेट्रोलचं मशीन फक्त खाली, पडलेलं लाकूड कापायला, तेही ठेकेदाराचं. त्यामुळे कुठलं मशीन घ्यावं हे ह्यांना खरंच कळत नव्हतं. मीच म्हणाले, "अहो, दादाला विचारा. दादा सांगेल ते डोळे झाकून घ्या."

दुकानात गेलो तिघं. दुकानदाराने एक छोटं मशीन काढलं, मूठ वरच्या बाजूला, वजनाला हलकं. म्हणाला, "झाडावर चढून फांद्या काढणार असाल तर हेच घ्या." ह्यांनी ते हातात धरलं आणि चेहरा असा खुलला, जसं कुणी ह्यांच्या मापाचा सदरा आणून दिलाय.

दादा म्हणाला, "ठेवा ते खेळणं खाली, दाजी. मशीन कधी वर न्यायचं नसतं. वर करवत, खाली मशीन, आयुष्यभर असंच केलं ना आपण? घ्यायचंच तर हे मोठं घ्या. अख्खा बुंधा कापेल. लोक मशीन बघून काम देतात."

दुकानदार काही बोलायला गेला, तर दादा म्हणाला, "तुमचं विकायचं काम आहे, आमचं जीव सांभाळायचं." मग काय, त्याने छोटं मशीन परत फळीवर ठेवलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्या डोलावण्याचं ओझं आजही माझ्या मानेवर आहे.

मोठं मशीन आलं घरी. त्याला पुसून, तेल देऊन हे कॉटखाली ठेवायचे, वर गोधडी घालायचे. काम मात्र मिळेना. गल्लीबोळात लोकांना बुंधा कापायचा नसतो हो, खिडकीवर आलेली फांदी काढायची असते. हे करवतीने घासत बसायचे, घरमालक घड्याळ बघत बसायचे. दुसरे लोक छोटी मशीनं घेऊन वर चढतात आणि तासाभरात मोकळे होतात. एकदा हे हट्टाने मोठं मशीन घेऊनच वर चढले. पातं फांदीत अडकलं, खांदा निखळता निखळता वाचला आणि अर्धवट तुटलेली फांदी शेजारच्या पत्र्यावर गेली. त्या गल्लीत पुन्हा कुणी बोलावलं नाही. सात महिन्यांत हे मुकाट्याने दादाकडे परत गेले. दादाने काही विचारलं नाही, दोर तेवढा पुढे केला.

पहिल्याच दिवशी दादा वर चढला, कमरेला लटकवलेल्या पोत्यात हात घातला आणि मशीन बाहेर काढलं. छोटं. मूठ वरच्या बाजूला.

मी खाली फांद्या गोळा करत होते. मला वाटलं, माझीच नजर चुकतेय. ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे वर बघत होते आणि चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता रंग उडालेला. फांद्या भराभर पडल्या. काम संपलं, मशीन बंद झालं.

आणि दोर हातात असताना हे बोलले. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

"दादा, हे मशीन वर चालतं, हे तुम्हाला कधी कळलं?"

"आधी खाली तर सोडा, दाजी."

"दोर धरलाय मी. बोला."

वर माझा सख्खा भाऊ लटकलेला, खाली माझा नवरा. मी मोळी टाकून उभी राहिले, पण पुढे पाय उचलेना. खोटं कशाला बोलू, एक क्षण मला वाटलं की ह्यांनी दोर सोडावा.

दादाने मशीन पोत्यात ठेवलं. मग म्हणाला, "दुकानात जायच्या आधीच. मी एकाचं उसनं आणून चालवून बघितलं होतं. तुम्ही गेला असता तर दोर कुणाच्या हातात देणार होतो मी? दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही, दाजी."

म्हणजे भरवसा होता म्हणून केसाने गळा कापला. सख्ख्या भावाने, आणि मी तिथे मान डोलावत उभी.

ह्यांनी त्याला खाली सोडलं. अगदी सावकाश, रोजच्यासारखं, एकही हिसका न देता. त्याचे पाय जमिनीला टेकले, तसे ह्यांनी बुंध्यावरचे दोन्ही वेढे काढले, दोराची नीट गुंडाळी केली आणि त्याच्या पायाशी ठेवली. दादा मला म्हणाला, "तू तरी समजाव त्यांना." मी चप्पल घातली आणि ह्यांच्या मागे निघाले.

आता हे लाकडाच्या वखारीत ओंडके कापतात, त्याच मोठ्या मशीनवर. दोर धरायला तीन जणांनी बोलावलं, गेले नाहीत. दादाने दुसरा माणूस ठेवलाय आणि ऐकते की हल्ली दादा अर्ध्या उंचीच्या वर चढत नाही. माझं त्याच्याशी बोलणं बंद आहे.

मला ह्यांनी त्या दुकानाबद्दल आजवर एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. चहाबद्दल बोलतात, मिठाबद्दल बोलतात. फक्त परवा नवा पंखा घरी आला, तेव्हा लक्षात आलं. पूर्वी साधी बादली घ्यायची तरी विचारायचे, कुठली घेऊ गं? पंखा आणला, टांगला, सुरू केला. मला विचारलं नाही.