तेवीस नंबर

आमच्या फुटबॉल क्लबात खेळाडूंचे कपडे मी सांभाळतो. धुणं, वाळवणं, जर्सीवर नंबर चिकटवणं, एकतीस वर्षं हेच. नुसता नंबर बघून खेळाडूचं भविष्य सांगतो, असा माझा तोरा होता. त्या तोऱ्यानेच माझ्या भाच्याचं वाटोळं केलं.

भाचा डाव्या बाजूने पळायचा. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, इथली आणि बाप परदेशी. पोरगा चार वर्षांचा असताना बाप मायदेशी गेला, तो गेलाच. रंग, नाक, केस सगळं बापाचं. जीभ मात्र आमची, तीही तिखट. गल्लीतली पोरं त्याला ‘पाहुणा’ म्हणायची. गोल खाल्ला की ओरडायची, “पाहुण्याला चहा विचारा रे कोणीतरी!” बहिणीने बेकरीत पहाटेची पाळी करून त्याला वाढवला. तिचं एकच मागणं होतं, पोराने आपल्या देशाची जर्सी घालावी. म्हणजे सगळ्यांची तोंडं एकदाची बंद झाली असती.

एकोणिसाव्या वर्षी तो क्लबच्या मोठ्या संघात आला. आपल्या देशाचे निवडणारे ‘बघू, बघू’ करत बसले आणि तेवढ्यात बापाच्या देशाचं बोलावणं आलं, तेही मोठ्या स्पर्धेचं. नियम असा, की त्या स्पर्धेत एक मिनिट जरी मैदानात उतरलं, तरी दुसऱ्या देशाचं दार कायमचं बंद.

तो माझ्या इस्त्रीच्या टेबलापाशी येऊन बसला. “मामा, जाऊ का? बाबांना एकदा बघायचंय. पण खेळवलं तर?”

“नंबर कुठला दिलाय?”

“तेवीस.”

मी हसलो. “अरे वेड्या, तेवीस नंबर बाक गरम करायला असतो. ती जर्सी मळलेली मी कधी पाहिली नाही. जा, बापाला भेटून ये. फक्त मी जा म्हटलं, हे आईला सांगू नकोस, डोकं खाईल माझं.”

स्पर्धेतला त्यांचा शेवटचा सामना होता. तीन गोलांची पिछाडी, दोन मिनिटं उरलेली. प्रशिक्षकाने त्याला उतरवलं. चेंडू त्याच्या पायाला लागलासुद्धा नाही. पोरगा दुसऱ्यांच्या हाती लागू नये म्हणून बांधून ठेवला, दुसरं काय! पुन्हा कधी त्यांनी त्याला बोलावलं नाही. बाप तर स्टेडियमकडे फिरकलाही नव्हता.

वर्षभराने आपल्या देशाच्या निवड समितीचा क्लबात फोन आला. सेक्रेटरीने झालं ते सांगितलं, तिकडून फोन ठेवला गेला. मी तिथेच मोज्यांच्या जोड्या लावत होतो.

आता तो सव्वीसचा आहे. गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली. खालच्या विभागात अर्धा सामना खेळतो आणि लंगडत घरी येतो. टीव्हीवर देशाचा सामना लागला की बहीण उठून आत जाते. पोराने आपल्याला सोडून बापाला निवडलं, हे तिच्या मनात घट्ट बसलंय.

परवा जेवताना तिने विचारलंच. “दादा, खरं सांग. जायच्या आधी हा तुझ्याशी बोलला होता?”

भाचा समोरच बसला होता. त्याने मान वर केली नाही. सात वर्षांत त्याने आईपुढे माझं नाव घेतलेलं नाही.

“छे,” मी म्हणालो. “मला कुठे विचारलं त्याने!”

बहीण त्याच्याकडे वळली. “मामाला तरी विचारायचंस रे. त्याने तुला जाऊ दिलं नसतं.”

“हो आई,” भाचा म्हणाला. “चुकलंच माझं.”