वहिनीची बिनचूक पानं

"भाऊजी, आजबी एक चूक नाही! पाहून राह्यले ना तुमी?"

फोनवर वहिनी अशी ओरडली, की तो आवाज जानेफळहून बुलढाण्याला बिनफोनचाही आला असता. दुरुस्तीला आलेले माझ्या दुकानातले चार बंद प्रिंटर तेवढ्यानं चालू झाले, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे. पाहत तर मी होतोच. इंटरनेटवरून माझ्या पडद्यावर तिचा अख्खा कंप्युटर उघडा होता, तिथला बाण मी इथून फिरवत होतो. आणि चूक सापडणार कुठून? दोन मिनिटांपूर्वी मीच सगळ्या पुसल्या होत्या.

गावच्या शाळेत तिची कारकुनाची नोकरी हंगामी होती. मराठी टायपिंगची परीक्षा पास झाली तर कायम, नाही तर घरी. म्हणून मी तिला एक जुना कंप्युटर जोडून दिला आणि रोज संध्याकाळची शिकवणी दुकानात बसूनच सुरू केली. तिनं दहा मिनिटं उतारा टाइप करायचा, मग चहा ठेवायला उठायचं. तेवढ्यात मी इथून चुका मोजायच्या, असं ठरलं.

पहिल्या दिवशी एकेचाळीस निघाल्या. आकडा ऐकून ती म्हणाली, आपल्याच्यानं हे होत नाही, राहू द्या. मला ते ऐकवेना. दुसऱ्या दिवशी तिचा चहा उकळेपर्यंत मी तिच्या ओळींत शिरलो आणि दहाएक चुका दुरुस्त करून टाकल्या. एकदाच, हिंमत यावी म्हणून. तिसऱ्या दिवशी वीस केल्या. पुढं हात असा बसला, की भांड्यातल्या पाण्याला बुडबुडे यायच्या आत पान लख्ख. कधी एखादी चूक मुद्दाम ठेवायचो, शंका यायला नको. वहिनी मला गुरुजी म्हणू लागली. दादा गावभर सांगत सुटला, की माह्या भावानं बायकोच्या बोटाले मशीन बसवून देलं. खोटं कशाला बोलू, ऐकायला गोड लागायचं.

परीक्षेच्या हॉलात चहाही नव्हता आणि मीही नव्हतो. ती नापास झाली. शाळेनं तिच्या जागी दुसरी बाई घेतली. फोनवर वहिनीच माझी समजूत घालत होती, की तुम्ही एवढं शिकवलं, मीच घाबरली.

त्यानंतर पंधरा दिवस मी एक थाप मारली नाही, यावरून काय ते समजा. शेवटी एसटीनं जानेफळला गेलो, तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. रडेल, भांडेल, दादाला हाक मारेल, असं वाटलं होतं. ती कोथिंबीर निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली,

"म्हणजे मी कुठं चुकते, ते तुमाले रोज माहीत होतं."