लाइनमनच्या घरातली जाड तार

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना सगळे लाइनमनच म्हणत. घरातलं वायरिंग त्यांनी स्वतः केलेलं. त्यामुळे बोर्डाचं लाकूड काळवंडलंय, हात लावला की गरम लागतंय, असं बायकोनं दोनदा सांगूनही त्यांनी कानाडोळा केला. शेवटी तिनंच परस्पर वायरमनबाईंना बोलावलं.

बाईंनी चिनी मातीचा फ्यूज ओढून काढला आणि तो उजेडात धरला. आत केसाएवढ्या तारेच्या जागी चांगली काडीएवढी तांब्याची तार होती.

"काका, ही कोणी घातली?"

"मी. सारखा फ्यूज उडायचा आणि हिचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडायचं. दम कोंडायचा तिचा. मी काय करणार होतो?"

"या तारेनं फ्यूज उडणारच नाही. घर पेटेल."

हे लाइनमनना बाईंनी सांगायला हवं होतं थोडंच!

नवा बोर्ड बसवायचा म्हणजे दीड तास लाइट बंद. तेवढ्यासाठी ऑक्सिजनचा एक छोटा सिलिंडर मागवला. काकूंच्या नाकातल्या नळीला तो जोडून झाल्यावर बाईंनी मेन स्विच पाडला.

पण जुन्या वायरींना बोट लावलं, तर वरचं आवरण बिस्किटासारखं चुरत होतं. बोर्डापासून खोलीपर्यंत नवी वायर ओढणं भाग होतं. दोन तास उलटले. सिलिंडरचा काटा लाल पट्ट्याला टेकला.

"बाई, तूर्त जुनंच जोडा. उद्या बघू," लाइनमनचा आवाज चिरकला.

"जुनं जोडायलाही तेवढाच वेळ लागेल. इकडे या, वायर ओढायला हात लावा."

लाइनमननी वायर ओढली. बाईंनी शेवटचा स्क्रू आवळला आणि नव्या बोर्डावरचा मेन स्विच वर केला. खोलीतलं मशीन घुरघुरलं आणि खट्! मेन आपोआप खाली. सगळं बंद. पुन्हा वर केला. पुन्हा खट्.

"तुमचा हा नवा स्विचच खराब आहे! काढा तो मधून, थेट जोडा!" लाइनमननी पक्कड उचलली. बाईंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"स्विच ठणठणीत आहे. तुमच्या घरात कुठेतरी करंट गळतोय, म्हणून तो पडतोय. मागे व्हा."

बाईंनी सगळे छोटे स्विच पाडले, फक्त खोलीचा ठेवला. मेन वर केला. या वेळी मशीन सुरू राहिलं. लाइनमन धावत आत गेले, नळी मशीनला लावली. काकूंचे ओठ निळसर पडले होते. कपाळावरचा घाम पुसत ते दहा मिनिटं तिच्या छातीचं वरखाली होणं बघत बसले. तिच्या चेहऱ्यावर रंग आला, तेव्हा कुठे बाईंनी एकेक स्विच लावायला घेतला. स्वयंपाकघर ठीक. बाहेरची खोली ठीक. न्हाणीघरातल्या गिझरचा स्विच लावताच खट्!

गिझरचा स्विच पाडून, मेन लगेच वर करून बाई काकूंच्या खोलीच्या दारात आल्या. "काकू, नळाला हात लावल्यावर कधी काही जाणवायचं?"

"मुंग्या यायच्या," काकू थांबत थांबत म्हणाल्या. "महिना झाला. यांना सांगितलं होतं. म्हणाले, वयानं होतं तसं."

बाईंनी गिझर उघडून पाहिला. गळलेला करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची वायर गंजून केव्हाच तुटली होती, म्हणून तो नळात उतरत होता.

लाइनमन पलंगाच्या कडेला बसले. त्याच नळाखाली ती रोज ओल्या अंगानं उभी राहायची.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही."

"आता ऐका मग," काकू म्हणाल्या. "अंग चिकट झालंय माझं. गॅसवर बादलीभर पाणी तापवा. आणि बाईंना चहा टाका, सकाळपासून उभ्या आहेत त्या."

लाइनमन उठले आणि निमूटपणे स्वयंपाकघरात गेले.