कोनी आयलंडला गेलेला भात

व्हीटो स्कार्चेलाने जन्मभर ब्रुकलिनमधल्या लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या केल्या. निवृत्त झाल्यावर हातांना काम राहिलं नाही, म्हणून त्याने तोंडाला कामाला लावलं. सबवेच्या गाडीत बसायचं आणि लोकांना रस्ता सांगायचा. त्याला कुणी विचारलंच पाहिजे, असंही नव्हतं. पलीकडच्या बाकावरच्या माणसाला विचारलं तरी उत्तर व्हीटोच देई. बऱ्याचदा ते बरोबरही असे.

"याला फ्रीजमधलं लोणी सापडत नाही," त्याची बायको फिलोमिना शेजारणीला सांगायची, "आणि निघालाय शहराला वाट दाखवायला."

एका रविवारी दुपारी तो मॅनहॅटनहून घरी परतत होता. समोर इव्हेट बाप्टिस्ट नावाच्या बाई बसल्या होत्या. मूळच्या हैतीच्या, अंगावर चर्चचा पिवळाधमक झगा, डोक्यावर तशीच टोपी, आणि मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं भलंमोठं पातेलं. भाच्याच्या मुलाच्या नामकरणाचं जेवण होतं सनसेट पार्कला, आणि काळ्या अळंब्यांचा भात त्यांच्याकडे होता.

गाडी एका स्टेशनात थांबली आणि लाउडस्पीकर बोलू लागला. कुणीतरी गुळण्या करत पत्ता सांगावा, तसा आवाज. सगळ्यांनी माना वर केल्या. काही लोक उतरले. बाईही पातेलं सावरत उठल्या.

"बसा मॅडम," व्हीटो म्हणाला. "सामान सांभाळा म्हणतोय. नेहमीचंच."

"नक्की?"

"मी या गाडीत लहानाचा मोठा झालोय."

बाई बसल्या. थोड्या वेळाने सनसेट पार्कचं स्टेशन खिडकीतून सुसाट मागे गेलं. गाडी तिथे थांबणार नाही, हेच लाउडस्पीकर सांगत होता.

"अहो, माझं स्टेशन गेलं."

"जाऊ द्या. पुढच्याला उतरा."

पुढचं आलं तेव्हा तोच म्हणाला, "इथे नको. रविवारी रुळांची कामं चालतात, परतीची गाडी इथे थांबत नाही. आणखी पुढे जाऊ." हे तो इतक्या ठामपणे म्हणाला की बाई पुन्हा बसल्या. मग गाडी उन्हात, वरच्या रुळांवर आली. व्हीटोचं स्वतःचं स्टेशनही येऊन गेलं, पण आता उतरायचं कोणत्या तोंडाने? तो खिडकीबाहेर बघत राहिला. भाताचा वास सुटला होता आणि त्याच्या पोटात कावळे ओरडत होते.

कोनी आयलंडला, शेवटच्या स्टेशनात गाडी रिकामी झाली. समोर जत्रेचा पाळणा फिरत होता.

"मिस्टर," बाई शांतपणे म्हणाल्या, "हा समुद्र आहे."

"दिसतोय."

"मला समुद्रावर जायचं नव्हतं."

"नाही, ते खरंय."

बाईंनी पातेलं उचललं आणि त्याच्या हातांत दिलं. "चला. आता तुम्ही वाट दाखवू नका, नुसतं धरा."

परतीच्या गाडीत एवढ्या जागा होत्या, पण बाईंनी त्याला बसू दिलं नाही. बसलात की झोपाल आणि भात सांडाल, म्हणाल्या. खांबाला पाठ टेकून, तळव्यांना चटके सोसत तो उभा राहिला. बाईंनी नकाशा स्वतः वाचला, उतरायचंही स्वतःच ठरवलं.

चर्चच्या हॉलमध्ये सगळे कोंबडी पुढ्यात घेऊन भाताची वाट पाहत बसले होते. बाळ रडून झोपलं होतं.

"मावशी, कुठे होतीस?" भाच्याने विचारलं.

"समुद्रावर. या गृहस्थांनी नेलं."

इव्हेटबाईंची थोरली बहीण चष्मा सरकवत पुढे आली आणि व्हीटोला पायापासून डोक्यापर्यंत बघून म्हणाली, "टोपी घालून गेलीस तेव्हाच मला शंका आली होती."

व्हीटोचे कान लाल झाले. त्याने खुलासा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी त्याच्या हातात ताट ठेवलं. तो तीनदा जेवला.

घरी आल्यावर उशीर का झाला ते त्याने फिलोमिनाला सांगितलं, बहिणीचा शेरा वगळून. फिलोमिनाने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "भात कशात शिजवतात?"

पुढच्या रविवारी ती स्वतः सनसेट पार्कला गेली. इव्हेटबाईंशी तिचं असं काही जमलं की आता दोघी दर महिन्याला जेवायला भेटतात. व्हीटोलाही नेतात. पातेलं उचलायला माणूस लागतो.