सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी तांबू

लालबागच्या मारुतीच्या देवळासमोर शेवंतीची गाय उभी असते. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, बाईचं बरं आहे, सावलीत बसायचं आणि गवताच्या पेंड्या विकायच्या. एक दिवस तिच्या जागी बसून बघावं. डांबरावर खुरं झिजतात म्हणून तांबूच्या पायांखाली गोणपाट घालायचं. कानामागे गोचीड धरलंय का ते रोज चाचपायचं. कुणी प्लास्टिकच्या पिशवीसकट पोळी पुढे केली, तर ती जनावराच्या तोंडातून ओढून काढायची.

आणि रवंथ मोजायची. हे तिच्या सासूने शिकवलेलं. एक घास पोटातून वर आला की तांबूचा जबडा पन्नास-साठ वेळा हलतो. तेवढ्या वेळा शेवंती रामाचं नाव घेते. नाव चाळिसाच्या आत अडलं, तर समजायचं की आज जनावराचं काहीतरी बिनसलंय.

एवढी जागरूक बाई, पण तिच्यात एक खोट होती. तिला कुणाला नाही म्हणता येत नसे. त्यातून देवाधर्माचं असेल, तर नाहीच.

गेल्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला सून अपेक्षा सकाळीच म्हणाली, "आई, आज तिला देवळाकडे नेऊच नका."

"अगं, आज गाय नाही मिळाली तर लोकांनी जायचं कुठे? पितर उपाशी राहतील."

"पितर एक घास खातात. ही अख्खं पान खाते!"

शेवंतीने गाय नेली. बारा वाजल्यापासून देवळाच्या फाटकापर्यंत रांग लागली. भात, वडे, आमटी, पुरणपोळ्या. शेवंती म्हणायची, "एवढासा घास द्या हं." लोक म्हणायचे, "माझ्या वडलांचं पान अर्धं नको ठेवायला." ती बाजूला सरायची. शेजारच्या चाळीतल्या रमाबाई, वय ब्याऐंशी, तांदळाच्या खिरीचं पातेलंच घेऊन आल्या. "आमच्या ह्यांना खीर फार आवडायची गो. चाटूनपुसून खाऊ दे तिला." तांबूने पातेलं लख्ख केलं. शेवटी शेवंतीने स्वतःच्या सासूचं पानही तिच्यापुढे ठेवलं. दिवसभर परक्यांच्या पितरांना नाही म्हटलं नव्हतं, मग सासूला कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. घटासाठी माती चाळून ठेवून शेवंती चाळीमागच्या गोठ्यात गेली, तर तांबू उठेना. दात करकरा खात होती. डावी कूस फुगून वर आली होती. बोटांनी वाजवली तर पखवाजासारखी वाजली. शेण पातळ, आणि त्याला आंबूस वास. शेवंती जबड्याकडे बघत बसली. राम म्हणायला तोंड उघडलं, पण मोजायला काही नव्हतंच. रवंथ बंद होती.

तिने हाक मारली, "अपेक्षा, फोन लाव गं! त्या डॉक्टरीणबाईंना बोलव!"

डॉक्टर प्रिती स्कूटरवरून अर्ध्या तासात आल्या. त्यांनी कुशीला नळी लावून ऐकलं, डोळ्याची पापणी उलटून पाहिली आणि विचारलं, "काल काय खाल्लं हिने?"

"नेहमीचंच," शेवंती म्हणाली.

अपेक्षाने सासूकडे बघितलं. ते बघणंच शेवंतीला झोंबलं.

"खोटं बोलले मी," ती म्हणाली. "भात खाल्ला. वडे, पोळ्या. पातेलंभर खीर. तीस-पस्तीस पानं तरी असतील. शेवटचं पान माझ्याच हातचं."

"बरं झालं सांगितलंत. गवतावर चालणारं पोट आहे हे, त्यात तुम्ही पंगत ओतलीत. सगळं आंबलंय आत. त्याचं विष भिनत जातं." डॉक्टरांनी तोंडातून पोटात नळी घातली, तीतून सोड्याचं पाणी सोडलं आणि मानेच्या शिरेत सलाईन लावलं. "घरी बाटलीने काही पाजू नका. श्वासाच्या नळीत गेलं तर खेळ खलास. कूस मुठीने सारखी चोळत राहा. दुपारपर्यंत ढेकर नाही आली, तर गाडी करून दवाखान्यात न्यायचं आणि पोट उघडायचं. उघडूनही वाचेलच असं मी सांगत नाही."

डॉक्टर दुसऱ्या गायीला बघायला गेल्या. शेवंती कूस चोळत बसली. घरातला घट तसाच राहिला. वीस वर्षांत हे पहिल्यांदा झालं. देवीला ती मनात म्हणाली, तुझी मांडणी दुपारी करते, आत्ता माझे हात इथे आहेत.

अकराच्या सुमाराला रमाबाई काठी टेकत आल्या. हातात दहीभाताची वाटी.

"बरं नाही म्हणे हिला? दहीभात दे, पोट थंड होईल. काल खीर कशी आवडीने खाल्ली गो बाईने!"

आजवर शेवंतीने वाटी घेतली असती. आज ती उठून गायीच्या तोंडापुढे उभी राहिली.

"नाही, रमाकाकू."

"काय नाही?"

"घास नाही द्यायचा. दिलात तर मरेल ती."

रमाबाईंचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्या खिरीने झालं हे?"

"एकट्या खिरीने नाही. माझ्या वड्यांनी पण. तुमचा दोष नाही, मला नाही म्हणता येत नव्हतं, हा माझा."

म्हातारी वाटी अपेक्षाच्या हातात देऊन गोणपाटावर बसली. "काय करायचं ते सांग."

"चोळा. इथे, मूठ वळून."

रमाबाईंनी पदर खोचला आणि चोळायला लागल्या. चोळता चोळता म्हणाल्या, "आमच्या ह्यांचे पायसुद्धा मी एवढे कधी चोळले नाहीत. वरून बघत असतील, तर जळत असतील!"

त्या सकाळी अपेक्षा पहिल्यांदा हसली, आणि तीही खाली बसली. तिघींनी आळीपाळीने तासभर चोळलं. आणि मग तांबूने मान लांब केली, आणि अशी ढेकर दिली की गोठाभर आंबूस वास सुटला.

"शी गो, देवा!" रमाबाईंनी नाकाला पदर लावला. "पण दे, बाये, आणखी दे!"

तांबूने आणखी दोन दिल्या. कूस खाली बसायला लागली. मग गळ्याशी काहीतरी सरकत वर आलं आणि जबडा हलला. शेवंती मोठ्याने राम म्हणू लागली. बाकीच्या दोघी तिच्याबरोबर मोजू लागल्या. एकतीस. अडतीस. चाळीस ओलांडले, तसा तिघींचा आवाज चढला. त्रेपन्न!

दुपारी तांबू उठून उभी राहिली, आणि शेवंतीने घट मांडला.

यंदा सर्वपित्रीच्या आठ दिवस आधीपासून ती देवळासमोर येईल त्याला सांगत होती: गायीला दिवसभरात पितरांचा एकच घास, बोराएवढा, तोही पहिल्या पानाचा. बाकीच्यांनी पितराचं नाव घेऊन गवताची पेंडी द्यायची. शिजवलेलं अन्न अपेक्षा डब्यांत भरून परळला नेईल, तिथे हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर पेशंटची माणसं राहतात, त्यांना. काही जण रागावले. "दुसरी गाय शोधू," म्हणाले. "शोधा," शेवंती म्हणाली. अमावास्येला रांगेच्या तोंडाशी रमाबाई काठी आडवी धरून बसल्या होत्या. त्यांच्यापुढून खीर जाणं शक्यच नव्हतं.

एक साहेब गाडीतून चांदीचं ताट घेऊन उतरले. "वडलांचं पान आहे. वर्षातून एकदाच येतो मी."

"त्यांना माझा नमस्कार," शेवंती म्हणाली. "पान तिकडे अपेक्षाकडे द्या, भुकेल्या माणसाच्या तोंडी लागेल. इथे पेंडी."

साहेब थोडे घुटमळले. मग त्यांनी बूट काढले, पेंडी सोडली आणि एकेक मूठ गवत वडलांचं नाव घेत तांबूला भरवलं. मागच्यांनी ते पाहिलं, आणि मग कुणी वाद घातला नाही.

पाच वाजता तांबू घरी निघाली. दिवसभर गवत खाल्लेली, पोट हलकं. सिग्नलला शेवंतीच्या हातातला दोर ताणून ती अशी धावत सुटली की एक बस थांबली आणि टॅक्सीवाले हॉर्न वाजवायला लागले.

"ओ बाई, गायीला आवरा!" हवालदार ओरडला.

"साहेब, तुम्हीच सांगा तिला!" पदर सावरत, मागे धावत शेवंती ओरडली. "तब्येत चांगली आहे तिची!"