पुन्हाबाई आणि साडेचारची व्हिडिओ-भेट

त्या लहानशा विमानतळावर विमान चालवायला शिकवणाऱ्या बाईंना सगळे पुन्हाबाई म्हणत. विद्यार्थ्याला काहीही सांगितलं की त्यांचा पुढचा शब्द ठरलेला, "पुन्हा म्हण." वाऱ्याची दिशा असो की धावपट्टीचा क्रमांक, तोंडाने परत म्हणून दाखवल्याशिवाय समोरच्याने ऐकलं असं त्या धरतच नसत. हवेतला रिवाजच तो. टॉवरने सांगायचं आणि वैमानिकाने तेच परत म्हणायचं. बाईंनी तो घरातही आणला होता. नवरा बाजाराला निघाला की जिन्यात उभा राहून सामानाची यादी म्हणून दाखवायचा, तेव्हा कुठे सुटका व्हायची.

अशा बाईंची गाठ पडली ती कागद न वाचणाऱ्या अधिकाऱ्याशी.

त्यांचा शिक्षकाचा परवाना त्या दिवशी संध्याकाळी पाचला संपत होता. नवा कागद हातात पडला नाही, तर परीक्षा पहिल्यापासून द्यायची आणि तोवर शिकवणं बंद. पूर्वी अधिकारी टेबलापलीकडे बसून कागद तपासायचा. आता व्हिडिओवर भेटायचं, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या. बाईंनी तीन आठवडे आधीची वेळ घेतली होती. कार्यालयाने ती दोनदा पुढे ढकलली, कारण सांगायची तसदी न घेता, आणि शेवटी दिली ती शेवटच्या दिवशी साडेचारची. चूक यांची आणि घोर बाईंच्या जिवाला!

हँगरच्या माडीवर खिडकीपाशीच काय ते नेट नीट मिळायचं. तिथे स्टुलावर लॅपटॉप ठेवून बाई बसल्या. खोलीत दुसरं कोणी नको असा नियम, म्हणून नवरा बाहेर जिन्यात. चार चाळीसला पडद्यावर अधिकारी उगवला, काहीतरी चघळत.

"खोलीत एकट्याच ना? कॅमेरा फिरवून दाखवा."

"कॅमेरा फिरवते."

"ओळखपत्र समोर धरा. चमकतंय, जरा तिरपं करा."

"ओळखपत्र तिरपं करते."

"मॅडम, टिंगल करताय का माझी?"

"नाही. सवय आहे."

त्याने त्यांच्या तोंडाकडे एकदाही धड पाहिलं नाही. चेहरा पडताळायचा म्हणून तर हा सगळा खटाटोप, आणि पडताळणारा बघत होता भलतीकडेच. बाईंनी दात-ओठ खाऊन अर्जावर सही केली.

"झालं. पाठवतो."

"थांबा. काय पाठवताय ते वाचून दाखवा."

"सिस्टिममध्ये सगळं बरोबरच असतं हो."

"असेल. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"मागे पाच जण खोळंबलेत, मॅडम."

"खोळंबू देत. एकदा पाठवलेला कागद दुरुस्त करायला अकरा दिवस लागतात, हे तुमच्याच सूचनेत लिहिलंय. तुम्ही वाचल्याशिवाय मी इथून हलत नाही."

त्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि रडतखडत वाचायला घेतलं. नाव, जन्मतारीख, अर्जाचा क्रमांक. "परवान्याचा प्रकार..." इथे त्याचं चघळणं थांबलं. "विद्यार्थी."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"विद्यार्थी? एकतीस वर्षं शिकवतेय मी! पाच वाजता तुम्ही मला शिकाऊ करून घरी बसवणार होतात?"

"यादीत दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत ना. बोट घसरतं कधी कधी."

"धावपट्ट्यासुद्धा शेजारी शेजारी असतात. तिथे घसरून बघा एकदा!"

त्याने मुकाट्याने प्रकार बदलला. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं, प्रत्येक ओळ, आणि मगच पाठवू दिलं. चार सत्तावन्नला प्रिंटरमधून तात्पुरता परवाना बाहेर आला. शिक्षक. अक्षर न् अक्षर बरोबर.

"आता एक सांगा," बाई म्हणाल्या, "सकाळपासून असे किती जणांचे पाठवलेत?"

"बावीस."

"त्यातले वाचून किती पाठवलेत?"

त्याने पहिल्यांदा बाईंकडे नीट पाहिलं. मग पडदा काळा झाला. नेट गेलं नव्हतं, त्यानेच बंद केलं होतं.

नवरा आत आला. कागद बघून त्याचा जीव भांड्यात पडला. "मिळाला की! मग आता का तणतणतेस?"

"अहो, त्या बावीसांतला एखादा शिकाऊ आज कागदावर शिक्षक झाला असेल. त्याच्या हाती कोणी आपली पोरगी सोपवेल, आणि तो तिला घेऊन वर जाईल. कागद दाखवला की कोण विचारतंय?"

बाईंनी कार्यालयाला फोन लावला. बराच वेळ रिंग वाजली आणि मग ध्वनिमुद्रित बाईने गोड आवाजात सांगितलं, कामकाजाची वेळ पाचपर्यंतच आहे.

पाच वाजून एक मिनिट झालं होतं.